अण्णांच्या दाराचा आकडा

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, अण्णा सोडून. किल्ल्या हरवतात म्हणून दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं, तर आता आकडाच हरवला. अण्णांनी हट्टानं ७३९३९१३३ ठेवला होता. मूळ संख्या आहे, तिला कशानंच भाग जात नाही, तेव्हा ती चोरालाही दाद देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. काल तिनं अण्णांनाच दाद दिली नाही. फिरून आले, तर शेवटचा तीन आठवेना. मी शिवणाचं दुकान बंद करून येईपर्यंत पायरीवर बसून होते. शेजारीण आत बोलवायला आली, तर अडकलो नाही, विचार करतोय म्हणाले.

डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढत जाणार. मी १२३४ सुचवला, तर चहा टाकून उठले. दोननं भाग जाणारा आकडा या दारावर चालणार नाही म्हणे. तूच समजाव, लाडकी लेक तू.

तुझा,
धाकटा

दि. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

१२३४? जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला? अरे, त्या संख्येचा गुण वेगळाच आहे. शेवटचा अंक खोड, उरते तीही मूळ. आणखी एक खोड, तरीही मूळ. असं थेट एकट्या सातापर्यंत. या जातीत हिच्याहून मोठी संख्या नाही. भांडी पुसता पुसता अण्णांनी मला शिकवलं होतं, तू तेव्हा आईच्या कडेवर होतास.

तेव्हा जो अंक ते विसरतील, तो कुलपातून काढ. पण त्यांना सांगून काढ.

माझं नाव अजून घेतात ना?

तुझी,
ताई

दि. २० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. अण्णा म्हणाले, संख्या आखडली, मोडली नाही. आता ७३९३ वर आलोय. कुलूप चारपेक्षा कमी अंक घेत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, सुरक्षेचा प्रश्न आहे.

परवा तुझ्या फोटोकडे बघून, ही मुलगी हुशार आहे म्हणाले. कोण, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तुझा,
धाकटा

दि. २ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हुशार म्हणाले, तेवढं पुरे. कुलूप काढून टाक आणि दिवसा दाराशी कुणीतरी बसा. तो कुणीतरी तूच, हे इतक्या लांबून लिहायला मला जड जातं. रजेचा अर्ज दिलाय.

तुझी,
ताई

दि. ५ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकानातलं मशीन उचलून बाहेरच्या खोलीत, दाराशी मांडलं. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण येतं.

काल अण्णा फिरून आले आणि उघड्या दारात थांबले. आत या म्हटलं, तर आकडा न विचारता कसं घेता म्हणाले. विचारला. ७३९ म्हणाले, आणि मूळ आहे का ते तपासून घ्या, असा हुकूम सोडला. मी खडूनं गिऱ्हाइकाच्या पँटवरच भागाकार मांडले. तेवीसपर्यंत गेलो. पुढे जायची गरज नाही, हे त्यांनीच सांगितलं. कुठेच भाग गेला नाही.

शाळेत त्यांनी मला गणितात एकदाही पास केलं नव्हतं. काल खांद्यावर हात ठेवून शाबास म्हणाले आणि विचारलं, तुमचे वडील कोण? मी नाव सांगितलं. ओळखतो, म्हणाले, भला माणूस आहे, आणि चपला काढून आत आले.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. लोभ आहेच, तो घेऊन लवकर ये.

तुझा,
धाकटा