आईच्या हातातली रेकॉर्ड

बाबा, यंदा कापूस लवकर आला. आपल्या पुसदच्या घरामागचं जिनिंग सुरू झालं की रुईचे तंतू खिडकीतून आत येतात आणि थेट तुमच्या रेकॉर्डवर बसतात, हे तुम्हाला सांगायला नको. हंगामात तुम्ही ती खिडकी बंदच ठेवायचात. मीही ठेवते. आईला माझ्याकडे नेऊन पाहिलं होतं, पण तिथे ती सारखी दार शोधत फिरायची, म्हणून मीच इथे राहायला आले. तिला आता फारसं काही आठवत नाही. तुम्ही गेलात हेही नाही.

दुपारी मी एखादी रेकॉर्ड लावते, तेवढा वेळ ती शांत बसते. लावण्याआधी तुम्ही शिकवलंत तसं सगळं करते. रेकॉर्ड कडेने तळहातांत धरायची, गॅरेजमधून आणलेल्या, बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने मखमलीचा तुकडा जेमतेम ओला करायचा, बारीक चरांच्या दिशेनेच गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. सुईवर अडकलेली रुई बोटाने ओढायची नाही, फुंकरही मारायची नाही, थुंकी उडते. मऊ ब्रश मागून पुढे फिरवायचा, बस्स. मी सातवीत असताना तो ब्रश तुम्ही माझ्या हातात दिलात. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराला हात पुसत होती. "तू लांबच राह्य, तुह्या हाताले फोडणीचं तेल असते," तुम्ही तिला म्हणालात. ती हसली होती. मीही हसले होते.

आता ती त्याच दारात येऊन उभी राहते आणि हात मागे लपवते. परवा मी म्हटलं, "आई, ये, आज तू पूस."

ती मागे सरकली. "नको बाई. तुहे बाबा ऑफिसातून आले का रागावतीन."

तुमचा राग आला, खूप आला. एवढं सगळं विसरली, माझं नावसुद्धा विसरली, आणि तुमची भीती तेवढी घट्ट धरून ठेवली. वाटलं, सगळा ढीग उचलून भंगारवाल्याला द्यावा.

"बाबायनंच सांगतलं," मी म्हटलं. "म्हणे, आजपासून तिलेच पुसू दे."

"खरंच म्हणले?"

"हो."

मग ती आली. मखमल बाजूला सारून तिने पदरच घेतला आणि ताट पुसावं तसा आडवाउभा फिरवला. रेकॉर्डवर तेलकट अंगठा उमटला. मी मखमल घडी करून ठेवून दिली. पुसून झाल्यावर तिने ती माझ्या हातात दिली, फळीवर उभ्या लावलेल्या सगळ्या पाकिटांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "ही तं त्यायची आहे. याच्यात माही कोणती?"

तुम्ही तिला विचारून एखादी आणल्याचं आठवून पाहिलं. नागपूरला जायचात, येताना नवी आणायचात, तिने चहा ठेवायचा आणि आपण दोघांनी ऐकायचं. तिला कोणतं गाणं आवडतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला नाही ठाऊक. हाताला लागलं ते पाकीट मी ओढलं आणि म्हटलं, "ही. बाबायनं तुह्यासाठी आणली होती." तिने ते छातीशी धरलं. वाजवू काही दिलं नाही. तेव्हापासून ते तिच्या उशाशी असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. नवऱ्याला मी फोनवर सांगितलं की आईला बरं वाटावं म्हणून थोडं खोटं बोलले. तो म्हणाला, चांगलं केलंस. पण ते तसं नव्हतं. खोटं मी तुमच्यासाठी बोलले, बाबा. तिच्या लेखी तुम्ही एकदा तरी चांगले नवरे ठरावेत, एवढ्यासाठी.