रामाकोन्यात पडलेला बर्फ

२ जानेवारी

संकल्प: यंदा रोज डायरी लिहायची. मागच्या वर्षीची डायरी चार पानं लिहून झाल्यावर बायकोनं, प्रज्ञानं, पापड वाळवताना खाली घातली. यंदा लपवून ठेवणार.

कारण तसंच आहे. मुंबईची टीम सौंसरला उतरली आहे. टीव्हीवर येत्या ख्रिसमसला दाखवायचा सिनेमा, हिंदी, प्रेमाचा. शहरातली पोरगी पहाडातल्या गावी येते, संत्र्याच्या बागवाल्यावर तिचं मन जडते, बर्फ पडते, शेवट गोड. सौंसरला पहाड दूर आहे आणि बर्फ फक्त रसवंतीत मिळते, पण डायरेक्टर रोहित सर म्हणाले, संत्रा है ना, बाकी हम कर लेंगे. त्यांना बाग पाहिजे होती. मी म्हटलं, माझी आहे.

माझी म्हणजे सासऱ्यांची, रामाकोन्याला. एकच गोष्ट.

३ जानेवारी

मामाजींकडे गेलो. दादाराव मामाजी म्हणजे माझे सासरे. सरळ नाही म्हणाले. बाग ताणावर आहे. म्हणजे आंबिया बहारासाठी झाडांचं पाणी तोडलं आहे. पानं मलूल होऊ द्यायची, महिना संपता संपता पाणी सोडायचं, मग झाड फुलानं भरते. मधात पाणी लागलं की ताण तुटला. मग नुसती पानं फुटतात, फूल नाही, आणि वर्ष गेलं. हे मला माहीत आहे. तरी त्यांनी पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगितलं.

मी नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला आहे. अर्ध्या सौंसरचे नळ माझ्या हातानं सुटतात. मला पाण्याचं शिकवून राहिले. पण मी राग गिळला आणि शब्द दिला, बागेत एक थेंब पडणार नाही.

मामाजींनी चिंधूभाऊंकडे पाहिलं. त्यांची बाग लागूनच आहे. दोघं रोज दुपारून धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांच्या मधल्या बांधावर, बसून चहा पितात. प्रज्ञाच्या जन्माच्या आधीपासून. चिंधूभाऊ म्हणाले, "जावई मानूस शब्द देऊन राह्यला दादाराव, आता नाही म्हनू नको. मी हाय ना." तेव्हा मामाजी हो म्हणाले.

चिंधूभाऊंना माणसाची पारख आहे.

५ जानेवारी

रोल मिळाला. सांताक्लॉज. रोहित सरांनी मला आडवं-उभं पाहिलं आणि म्हणाले, यही चाहिए. प्रज्ञा म्हणते पोट पाहून घेतलं. असं नसते. चेहऱ्यात काहीतरी लागते.

वजन कमी करण्याचा संकल्प भूमिकेसाठी स्थगित. रात्री एक भाकर जास्त.

सकाळी बाथरूममध्ये "हो हो हो"चा सराव केला. बाहेरून प्रज्ञानं विचारलं, "उलटी होऊन राह्यली काय?"

८ जानेवारी

शूटिंग सुरू. बर्फ म्हणून झाडांवर कापूस पसरला. झाडांची संत्री तर केव्हाचीच तुटून गेली, म्हणून बाजारातून आणून एकेक फळ दोऱ्यानं फांदीला बांधलं. मामाजी कंबरेवर हात ठेवून पाहत होते. म्हणाले, तोडाईचे मजूर पाहिले होते, बांधाईचे आज पाहिले.

मला एक वाक्य आहे. हिरोइन रडत बसली असते, मी तिला संत्रं देतो आणि म्हणतो, "बेटी, घर वही है जहाँ दिल लौट आए." सगळा सिनेमा या वाक्यावर उभा आहे, हे माझं मत. रोहित सर म्हणाले, अच्छा बोला तो क्लोजअप देंगे. क्लोजअप म्हणजे सगळ्या पडद्यावर एकटा मी.

९ जानेवारी

मोठा दिवस. तपशील नीट लिहून ठेवतो.

मामाजी आणि चिंधूभाऊ पांढुर्ण्याला नात्यातल्या लग्नाला गेले होते. सकाळी रोहित सर झाडं पाहून नाराज. पत्ते उदास लग रहे हैं म्हणे. ताणावरचं झाड हसणार थोडीच आहे. पानं धुवायला टँकर मागवला होता तो आला नाही. सर घड्याळ पाहून म्हणाले, क्लोजअप कॅन्सल.

कोणीतरी पुढं व्हावंच लागते अशा वेळी. मी बोरची मोटर सुरू केली आणि पाईप धरला. फक्त पानं धुतली. पानं पाणी पीत नाहीत, मुळं पितात, हे विज्ञान आहे. पानं अशी चमकली की कॅमेरावाला वाह म्हणाला. तेवढ्यात माझा शॉट लागला. पाईप खाली ठेवला, दाढी चढवली. बरेच टेक झाले, कारण कला घाईनं होत नाही. मग टाळ्या, मग फोटो, मग सासूबाई यमुनामामींच्या हातचे पोहे.

मग मोटर आठवली.

झाडांच्या तीन ओळींत थोडा ओलावा होता. चप्पल रुतली, ती काढताना दुसरी रुतली.

१० जानेवारी

मामाजींनी विचारलं, पाणी कुठून आलं. मी म्हटलं, चिंधूभाऊंच्या पाईपाचा जोड सुटला असंल. "असंल" म्हटलं. "सुटला" म्हटलं नाही. हा अंदाज होता, आणि अंदाज चुकू शकतो.

मामाजींनी धुऱ्यापलीकडे एकदा पाहिलं. विषय संपला.

१६ फेब्रुवारी

विषय संपला नाही.

बाग फुलली. वास पार सडकेपर्यंत. फक्त त्या तीन ओळी हिरव्यागार, कोवळ्या पानांनी भरलेल्या, दिसायला सगळ्यात देखण्या, आणि एक फूल नाही. मामाजी एकेका झाडाची फांदी वाकवून पाहत होते आणि सोडत होते. चिंधूभाऊ आपला सगळा पाईप उकरून, जोड दाखवायला घेऊन आले. मामाजींनी पाहिलं नाही. धुऱ्यावरचा चहा बंद.

प्रज्ञानं घरी विचारलं, "तुमी तं नाही ना?" मी म्हटलं, मी त्या वेळी दाढी लावून सर्वांसमोर उभा होतो. हे अक्षरशः खरं आहे.

संकल्प: योग्य वेळ पाहून मामाजींना सांगणार.

१४ मे

रविवारी सांगणार होतो. फार ऊन होतं. तापलेल्या माणसाला तापलेली गोष्ट सांगू नये. पावसाळ्यात पाहू.

२ ऑगस्ट

पावसाळा आहे. मामाजींच्या गुडघ्याला कळ. नंतर पाहू.

११ ऑक्टोबर

बागेत गेलो. मामाजी धुऱ्याच्या अलीकडे चहा पीत होते, चिंधूभाऊ पलीकडे. एकच वेळ, एकमेकांकडे पाठ. मामींनी सांगितलं, थर्मासमध्ये अजून दोघांचा चहा भरला जातो, हातच तसा पडते, आणि उरलेला मामाजी झाडाच्या बुडाशी ओततात.

मला वाईट वाटलं. मनापासून. जेवण गेलं नाही, म्हणजे कमी गेलं.

मग उपाय सुचला. सिनेमा लागू द्यायचा. एकदा मी पडद्यावर दिसलो की गावात इज्जत होईल. इज्जत झाली की दोघांना बोलावून हसत हसत सांगून टाकायचं. नटावर कोणी रागावत नाही.

१९ डिसेंबर

तयारी जोरात. सिनेमा पंचवीसला संध्याकाळी. रामाकोन्यात विहारासमोर चौदा एप्रिलच्या जयंतीचा पडदा लावायचा, प्रोजेक्टर मंडळाचा. बसस्टँडवर फ्लेक्स लावला: रामाकोन्याचे जावई, अभिनेते संदीप यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक म्हणून गाव लिहिलं. गावाला विचारलं नाही, पण गाव कुठं नाही म्हणते.

मामाजी आणि चिंधूभाऊ दोघांना स्वतः जाऊन निमंत्रण. चिंधूभाऊ म्हणाले, "दादाराव येऊन राह्यला काय?" मी म्हटलं हो. म्हणाले, "मंग मी मागं बसतो."

रोहित सरांना चार फोन केले. उचलत नाहीत. रिलीजचा ताण असते त्यांना.

२५ डिसेंबर, संध्याकाळ

सगळं गाव आलं. सिनेमा लागून अर्धा झाला आहे, जाहिरात लागली म्हणून कोपऱ्यात बसून लिहून राहिलो.

प्रतिसाद संमिश्र. लोक कथेत घुसत नाहीत. बर्फ पडला तर कोणीतरी म्हणालं, ह्या बर्फात सरकी दिसून राह्यली. हिरोनं फांदीवरचं संत्रं ओढून तोडलं तर चार ठिकाणांहून आवाज आला, देठ ठेव बे, सडते. हिरो स्वेटर घालून घामाघूम, तर कोणी म्हणालं, ताप असंल बिचाऱ्याले. हिरोइन दोन भेटीत लग्नाला तयार झाली, तेव्हा बायांमध्ये चर्चा झाली की शेती किती हे तरी इचारा लागत होतं.

यमुनामामी मात्र पहिल्यापासून रडून राहिल्या. हिरोइन बसमध्ये बसली तर मोठ्यानं म्हणाल्या, "जाऊ नको वं बाई." खरा प्रेक्षक हा.

माझा सीन येऊन गेला. दाढी डोळ्यांपर्यंत, टोपी भिवयांपर्यंत, मधात नाक. आवाज दुसऱ्याचा घातला, असा भारदस्त की मीच दबून गेलो. मामी डोळे पुसत म्हणाल्या, "हा म्हातारा कोन व्हय? लय चांगला बोलते." मी उठून उभा राहिलो, म्हटलं, मामी, मी आहे. मागून कोणीतरी म्हणालं, "बसा जावईबापू, दिसून नाही राह्यलं."

अजून अर्धा सिनेमा आहे. परत दाखवतील.

२५ डिसेंबर, नंतर

परत दाखवलं.

सिनेमा संपला, लग्न झालं, नावं सुरू झाली. नावांच्या बाजूला चौकटीत शूटिंगच्या वेळची गंमत दाखवत होते. हिरो पाय घसरून पडतो, हिरोइन संत्रं सोलताना डोळ्यात रस उडवून घेते. मग मी. दाढी नाही. टोपी नाही. भर उन्हात, चौकटीभर माझं तोंड. हातात पाईप, पाण्याची धार झाडांवर, आणि मी गाणं म्हणून राहिलो. वर कॅमेऱ्याकडे पाहून सांगतो, "हमारे यहाँ पानी की कोई कमी नहीं." पुढच्या तुकड्यात मी दाढी लावून हो हो हो करतो, आणि मागं ओळीत पाईप पडलेला, पाणी नुसतं वाहून राहिलं. चौदा एप्रिलचा पडदा मोठा आहे. पाईपाचा रंगसुद्धा दिसत होता.

एक जण म्हणाला, "हे तं आपले जावई व्हय."

अख्ख्या गावानं ओळखलं.

मामाजी उठले. मला वाटलं माझ्याकडे येतात, मी वाक्य तयार केलं. ते मागं गेले, चिंधूभाऊंच्या खुर्चीपाशी उभे राहिले. मग म्हणाले, "चाल, चहा पेऊ." चिंधूभाऊ म्हणाले, "आता दूध कुठं असंल?" मामाजी म्हणाले, "काळा पेऊ." दोघं निघून गेले. मामाजींचा हात चिंधूभाऊंच्या खांद्यावर होता. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मामी म्हणाल्या, पाईप धरला तेव्हा चांगले दिसून राह्यले होते.

२६ डिसेंबर

तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर त्या दिवशी चिंधूभाऊंच्या पाईपाचा जोडही सुटला असू शकतो. दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात.

हे प्रज्ञाला सांगितलं. तिनं भाकर थापणं थांबवलं. म्हणाली, "तुमी बाबाले खोटं सांगतलं, मले सांगतलं, ते ठेवा एकीकडे. पन तुमच्यासाठी शब्द कोनं टाकला होता?"

मला उत्तर येत होतं. म्हणून डबा उचलून ऑफिसला निघालो.

ऑफिसमध्ये सगळ्यांच्या मोबाईलवर ती क्लिप. साहेब म्हणाले, आमच्या खात्याचं नाव काढलं. मी थँक यू म्हटलं.

३१ डिसेंबर

बसस्टँडवरचा फ्लेक्स गायब. चौकशी केली. चिंधूभाऊंनी कडब्याच्या गंजीवर झाकला आहे, दवापासून. माझं तोंड वरच्या बाजूला. काढून आणावा म्हटलं, पण कडबा भिजेल.

संकल्प: उद्या जाऊन दोघांची रीतसर माफी. लांबलचक नाही. दोन वाक्यं. पाठ केली.

३ जानेवारी

काल नाही जमलं, परवाही नाही. आज गेलो.

बाग परत ताणावर. पानं मलूल. मामाजी आणि चिंधूभाऊ धुऱ्यावर, मधात थर्मास. मी जयभीम घातला. दोघांनी घेतला. दोन वाक्यं पाठ होती, त्यातलं पहिलं सुरू केलं तर चिंधूभाऊंनी बशी पुढं केली. म्हणाले, "प्या आधी, थंडी हाय." प्यालो. मग वाक्य आठवेना.

मोटरच्या पेटीला नवीन कुलूप दिसलं. मी मामाजींना विचारलं, चावी कुठं असते, कधी काम पडलं तर. मामाजींनी हनुवटीनं चिंधूभाऊंकडे दाखवलं. चावी त्यांच्या करदोट्याला बांधलेली होती.

यंदा शब्द द्यायची माझी पूर्ण तयारी होती. निघेपर्यंत बसून राहिलो. कोणी मागितला नाही.