एकोणऐंशी फर्म्यांचं पुस्तक

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठातलं एखाददुसरं अंग कमी पडेल, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? पत्राला उशीर झाला याचं कारण दादा. आपल्या घरात कुठल्याही उशिराचं कारण दादाच असतो, त्यामुळे त्यात नवीन काही नाही.

तुला ठाऊकच आहे, कागद महागला, दुकानदार आपल्या प्रकाशनाची पुस्तकं ठेवून घेईनात आणि गोदामाच्या मालकाने जागा परत मागितली. तेव्हा मीच दादाला म्हटलं की आता ई-पुस्तकं काढू या. छपाई नको, गठ्ठे नकोत, वाळवी नको. (तेव्हाच जीभ झडली असती तर आज सुखात असतो.) सुरुवात घड्याळजींच्या आठवणींपासून करायची ठरली. तेच ते, ज्यांनी पन्नास वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतः सगळीकडे तासभर उशिरा पोचले. छापील पुस्तक एकशे शहात्तर पानांचं, म्हणजे अकरा फर्मे. आता दादाची किंमत ठरवायची रीत चाळीस वर्षं एकच: सोळा पानांचा एक फर्मा, फर्म्याला ठरलेला दर, गुणाकार केला की विषय संपला. मग कादंबरी असो की मूळव्याधीवरचे उपाय. ई-पुस्तकाचे फर्मे किती, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, त्याला फर्मे नसतात. कणा नसलेला भाऊ त्याला सवयीचा आहे, पण फर्मे नसलेलं पुस्तक काही त्याच्या पचनी पडेना.

त्याने टॅब उघडला. मोतीबिंदू काढल्यापासून त्याने त्यावर अक्षर एवढं मोठं करून घेतलंय की एका पानात जेमतेम पाच ओळी मावतात. खाली पानांचा आकडा होता बाराशे चौसष्ट. दादाने पेन्सिल काढली. एकोणऐंशी फर्मे, सुटं पान एकही नाही! (हिशोब असा चपखल बसला की त्याच्या तोंडावर काय तेज येतं ते तू पाहिलंच आहेस.) कागद आणि बांधणीचे पैसे त्याने स्वतःहून वजा केले, कारण आपण काही लुटारू नाही, आणि किंमत काढली अकराशे. छापील पुस्तक दोनशे वीसला मिळतं आणि बाकीचे लोक ई-पुस्तकं चहाच्या भावात विकतात, हे मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मग त्यांनी चहाच विकावा.

म्हणून मी अक्षर बारीक करून दाखवलं. पानं झाली एकशे दहा. दादा हादरलाच. उरलेलं पुस्तक कुठे घालवलंस म्हणून त्याने मला झाडलं आणि थेट घड्याळजींना फोन लावला की तुमच्या आयुष्यातली हजारावर पानं गहाळ झाली आहेत, ताबडतोब निघा. ते आले (तासाभराने). पण किंमत ऐकली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी किंमत त्यांची आजवर कोणी केली नव्हती म्हणे, घरच्यांनीसुद्धा नाही. अशा माणसाला अक्षराचा आकार कुठल्या तोंडाने समजावू? मी हात टेकले.

महिना संपत आला, प्रत एकही गेली नाही. दादा रोज आल्या आल्या विचारायचा, गेली का? मी नुसती मान हलवायचो. शेवटच्या आठवड्यात त्याने विचारणंच सोडलं, आणि खरं सांगू, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मग त्याने जाहीर केलं, महिनाअखेर एक तरी प्रत खपली नाही तर कुलूप लावायचं आणि तो कायमचा तुझ्याकडे राहायला येणार.

आणि एकतीस तारखेला दुपारी एक प्रत गेली, ताई! पूर्ण किमतीला! दादाने ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. (सगळे म्हणजे मी आणि टायपिस्टबाई.) लोकांना अजून किंमत कळते, म्हणाला. आता उरलेल्या चाळीस पुस्तकांचे फर्मेही त्याच टॅबवर मोजायचे म्हणतोय. मी थकलो आहे, पण दार उघडं आहे, तेवढ्यात समाधान मानतो.

तुझा,
धाकटा

ता. क. ती प्रत मीच घेतली. सकाळी पगार झाला, दुपारी घेतली. दादाला कळता कामा नये. पण हे मला दर महिन्याला झेपायचं नाही. तेव्हा या महिन्यात तू घे, पुढच्या महिन्यात भावजींना घ्यायला लाव. यात तुझाच फायदा आहे. तो तिकडे आला तर रोज सकाळी तुझ्या स्वयंपाकघरातले डबे मोजत बसेल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात दादा आला. त्या अनोळखी वाचकाला लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली, पोचती कर म्हणाला आणि घरी गेला. मी फोडली. आत लिहिलंय: 'बाबा रे, पुन्हा घेऊ नकोस. तुझ्या पगारात हे बसत नाही. पगार मीच देतो, मला ठाऊक आहे. शनिवारी थांब जरा, कुलूप लावायला मला एकट्याला जमायचं नाही.'

ताई, पुस्तक राहू दे आता. मागची खोली तेवढी रिकामी कर, दोघांसाठी.