तांदूळ नको, भात आणा

बाई,

खाडीकाठच्या आपणा सगळ्यांच्या मनाला एकच गोष्ट लागायची. आपण कायमचे मदत घेणारे. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की पेणहून जुन्या कपड्यांची गाठोडी यायची आणि आपण रांगेत उभे. म्हणून बांगलादेशातल्या वादळाची बातमी तुम्ही वर्गात वाचलीत, तेव्हा मी बाकावर चढून म्हणाले, या वेळी देणारे आपण. दहावीचा अख्खा वर्ग मधल्या सुट्टीत गावात पसरला. नुकती झोडणी झालेली, घरं धान्यानं भरलेली. दारोदार मी भाषणं ठोकली, आणि दोन दिवसांत शाळेच्या ओट्यावर तांदळाच्या पोत्यांची थप्पी लागली. शनिवारी रोह्याहून मदतीचा ट्रक निघणार होता.

गुरुवारी मिठागरावरून परतणारी एक बाई, आमच्याच वर्गातल्या एका मुलीची आई, ओट्यापाशी थांबली. "तांदूळ देतेस व्हय गो त्यांना? नि शिजवतील कशावर, तुझ्या भाषणावर?" सगळे हसले. "बांध फुटला तवा आमची चूल व्हावून गेली. तीन दिस पोहे भिजवून खाल्ले. पोहे धाड."

मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही माझी बाजू घ्याल म्हणून. "त्यांचं बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. "पोहे सालासकटच्या भाताचे होतात, तांदळाचे नाही. प्रत्येक दारी जा, चुकलो म्हण, तांदूळ परत कर आणि भात माग. भाषणापेक्षा कमी वेळ लागेल."

मी पहिल्या दारात उभी आहे, डोक्यावर पोतं. "चुकलो," एवढंच म्हणते. म्हातारा शेतकरी विडी विझवतो. "चुकलीस ना? मग दोन पायल्या जास्तीच्या ने." त्यानंतर मी चालले नाही, धावले. संध्याकाळच्या एसटीच्या टपावर भाताची पोती, आत आम्ही, आणि नागोठण्यापर्यंत आनंदानं आमच्यातलं कुणी बसायला तयार नाही. रोह्याच्या गिरणीवाल्यानं आमचं भात आधी भिजत घातलं, मग भाजून त्याचे पोहे कुटले. शनिवारी ट्रकवर चढवलेली पोती अजून कोमट होती. मी त्यांना गाल लावून पाहिला होता.

बाई, पुढं हा किस्सा मी शेकडो सभांत सांगितला. टाळ्या घेतल्या. आणि दर वेळी म्हणाले, पोहे मला सुचले. एका सभेत तुम्ही शेवटच्या रांगेत होतात. तेव्हाही मी तेच म्हणाले. त्या मिठागरवालीचं तर मी कधी नावच घेतलं नाही.

आज पुन्हा सीमेपलीकडं महापूर आहे. आपल्या शाळेतल्या पोरांनी कुणी न सांगता घरं पालथी घातली, आणि ओट्यावर पुन्हा तांदूळच रचलाय. उद्या सकाळी मला तिथं बोलायचंय. हा कागद टपालात पडणार नाही, याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर मी भाषण लिहितेय. आधी त्या मिठागरवालीचं नाव आहे, मग तुमचं. त्याखाली एकच ओळ: पोरांनो, पोती उचला, तांदूळ ज्याचा त्याला परत करा आणि दुपारच्या गाडीच्या आत भात घेऊन या.