तेल नाही, गाडी सुरू करू नये

मी, एल्व्हिओ सावोरानी, वय एकाहत्तर, राहणार ब्रिसिगेल्ला, फाएन्झाच्या टाइल कारखान्यातून निवृत्त, आज गुरुवार दिनांक ७ नोव्हेंबर २०१९ रोजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, ती येत्या मंगळवारी बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. काळजी करायला मला कारण कधीच लागले नाही, हे त्यांना माहीत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी निवेस घरात नाही. दर गुरुवारप्रमाणे ती खाली भावाकडे, लेआर्कोकडे, अंडी आणायला गेली आहे.

कलम एक. राहते घर, त्यातले सामान आणि टपाल कार्यालयातली बचत निवेसची. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे भांडायला दुसरे कोणी नाही. मागच्या खोलीची खिडकी ओढून नव्हे, उचलून लावावी. हे मी तिला शंभरदा सांगितले, आता कायद्याने सांगतो.

कलम दोन. लाकडी शिडी मेहुणा लेआर्को याला. ती १९८६ पासून त्याच्याकडेच आहे.

कलम तीन. तळाला भोक असलेले पितळी माप आणि स्टॉपवॉच ग्वाल्तिएरो मेकॅनिकला. एकतीस वर्षे मी याच मापाने टाइलवर चढवायच्या ग्लेझचा, म्हणजे चकाकीच्या लेपाचा, दाटपणा मोजला. माप भरायचे, भोकावरचे बोट काढायचे, किती सेकंदांत रिकामे होते ते बघायचे. दोन सेकंदांचा फरक पडला तर भट्टीतून चार हजार टाइल्स फोड येऊन निघत. माझ्या हातून ते एकदाच झाले, १९७९ साली. त्यानंतर कोणताही पातळ पदार्थ मी डोळे झाकून ओतलेला नाही, घरातले दूधसुद्धा नाही.

कलम चार, आणि हेच मुख्य. माझी १९६७ सालची गडद लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार, जी लेआर्कोच्या कोठारात उभी आहे, ती निवेसला. पण एका अटीवर. गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल नाही. तेल भरल्याशिवाय ती कोणीही एक मीटरदेखील चालवू नये. तशी पाटी मी स्टिअरिंगला बांधून ठेवली आहे.

तेल का नाही, ते सांगणे भाग आहे. मार्च २००८ मध्ये मी जुने तेल काढले, तेव्हा त्या काळ्या तेलात सोनेरी कण चमकले. ते सोने नव्हते. दुसऱ्या गिअरची पितळी कडी झिजत होती. तेल थंड असले की या गाडीचा दुसरा गिअर करकरतो. म्हणून आमच्या डोंगरात जुनी गाडी बाळगणारा प्रत्येक जण पहिली दहा मिनिटे पहिल्यातून थेट तिसऱ्यात जातो. मीही आयुष्यभर तेच केले, तरी कडी झिजलीच. म्हणजे तेल चुकत होते. मग बरोबर कोणते? गाडीसोबत आलेल्या पुस्तकात छापलेले तेल आता बनत नाही. नव्या जोरदार तेलाने दाते वाचतात, पण त्यातले गंधक पितळ खाते म्हणतात. पातळ तेलाने थंडीत दुसरा गिअर अलगद पडतो, पण ऑगस्टच्या चढावर दाते रडतात. दाट घ्यावे तर याच्या उलट.

ग्वाल्तिएरो म्हणाला, “अरे, तेल निवडतोयस की जावई?” लेआर्को म्हणाला, “दाजी, माझ्या ट्रॅक्टरचंच घाला की. दोन्ही लालच तर आहेत!” या वाक्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेले नाही.

अकरा तेलांचे नमुने मी घरच्या फ्रीझरमध्ये गारठवून मापातून सोडले. २०११ च्या नाताळात त्याच फ्रीझरमधल्या निवेसच्या कॅपेल्लेत्तींना, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याला, कुजक्या अंड्यांचा वास लागला. हाताने वळलेल्या तीनशे कॅपेल्लेत्ती तिने माझ्यासमोर एकेक करून कचऱ्यात टाकल्या. तेव्हा मी माफी मागितली नाही. ती इथे मागतो.

अकरा वर्षे तिने एकच मागणे केले. दर मे महिन्यात म्हणायची, “चेर्व्हियाला ने रे एकदा, त्या गाडीतून, समुद्रावर.” मी म्हणायचो, “तेल ठरू दे.” गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता दम लागायला लागला, तेव्हापासून मी कोठारापर्यंतही उतरलेलो नाही. उद्या माझे काही बरेवाईट झाले आणि तिने हौसेने कोरडी गाडी काढली, तर पहिल्याच वळणावर सगळे दाते जातील. या धास्तीने मला झोप नाही. म्हणून कोणते तेल घालायचे ते मी पुढच्या कलमात ठरवून लिहीन. मंगळवारच्या आत नक्की.

शनिवार, ९ नोव्हेंबर. तेल ठरलेले नाही. मृत्युपत्रात गाडीचा चॅसिस नंबर अचूक हवा म्हणून ग्वाल्तिएरोच्या गाडीतून आज कोठारात गेलो. पाटी स्टिअरिंगला जागच्या जागी होती. पण माझ्या वहीत ३८,४१२ किलोमीटर आणि गाडीच्या मीटरवर ३९,६६०! कोरड्या गिअरबॉक्सवर बाराशे किलोमीटर. चोर म्हणावा, तर चोराने गाडी परत का आणावी? मग दिसले की सीट पार पुढे ओढलेली आहे आणि पायाशी वाळू आहे. बारा वेळा चेर्व्हियाला जाऊन आले की साधारण एवढेच अंतर होते.

ग्वाल्तिएरो आढ्याकडे बघत म्हणाला, “माझ्याकडे बघू नकोस. मी फक्त नरसाळं धरलं होतं.”

घरी निवेस बटाटे सोलत होती. मी दारातूनच विचारले, “तेल होतं त्यात?”

“होतं. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात भरलं. आधी बस खाली, धाप लागलीय तुला.”

“थंड असताना दुसरा घातलास?”

“पहिल्यातून तिसऱ्यात. तीस वर्षं तुझ्या शेजारी बसून दुसरं काय बघितलं मी?”

“आणि गरम झाल्यावर? करकरतो?”

“नाही.”

“चढावर?”

“जरा कुरकुरतो. तुझ्याइतका नाही.”

“मग मला का नाही नेलंस?”

तिने सुरी खाली ठेवली. “तू आला असतास? तेल न ठरवता?”

मी आलो नसतो. मला फार लाज वाटली. बारा गुरुवार ती एकटी समुद्र बघून आली आणि येताना आठवणीने अंडी घेऊन आली.

“कोणतं तेल, निवेस? डबा दाखव.”

“नाही दाखवणार. झडप बदलून घे, घरी ये, मग सांगते.”

“आणि मी आलोच नाही तर?”

“तर तुला कधीच कळणार नाही. बघ, जमतंय का.”

मग तिने पाठ फिरवली आणि बराच वेळ नळ नुसताच सोडून ठेवला.

रविवार, १० नोव्हेंबर. ग्वाल्तिएरो आणि लेआर्को दोघांनाही विचारून झाले. दोघांनाही तिने दम दिलेला आहे.

कलम पाच. गाडीत घालायचे तेल: ..............................

मृत्युपत्रात कोरी जागा सोडू नये, असे नोटरीबाई म्हणतात. मी ती जाणूनबुजून सोडली आहे. ती दुसऱ्या कोणी भरू नये. मला भीती वाटते आहे, हे मी शुद्धीवर राहून लिहितो. तरीही ती जागा मला परत येऊन स्वतःच्या हाताने भरायची आहे आणि मे महिन्यात निवेसच्या शेजारच्या सीटवर बसायचे आहे. गाडी तिनेच चालवावी.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, हेही नोटरीबाईंनी सांगितले. मला लागतात. साक्षीदारांनी सहीखेरीज एक अक्षरही लिहू नये.

ठिकाण: ब्रिसिगेल्ला
दिनांक: १० नोव्हेंबर २०१९

सही: एल्व्हिओ सावोरानी

साक्षीदार:
१. ग्वाल्तिएरो झाउली. तेल माहीत आहे.
२. लेआर्को मेलांद्री. मलाही. लवकर या दाजी, शिडी परत देतो.