कबर क्रमांक एकशे सतरा

आपल्या गावाहून (ता. पलूस)

आदरणीय शाहजादी आपास,

अस्सलामु अलैकुम. धाकटा भाऊ जैनुद्दीन याचा अदबीने सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दूल्हेभाईंची साखर किती आली? (फौजेत बावीस वर्षं काढलेला माणूस कंदी पेढ्यापुढं हत्यार टाकतो, हे मी साताऱ्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.) इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या भावजयीची, आसियाची, कंबर थंडीत धरते, तुझ्या भाच्याची, तारिकची, नोकरी चालू आहे. मी एकदम ठणठणीत आहे, फक्त चार दिवस झोप नाही, घास गिळवत नाही आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. काळजीचं कारण नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशील. म्हणजे विचारणार नाहीस, कारण अकरा वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस आणि फोनही उचलत नाहीस. माझी तक्रार नाही. मोजणी खात्यात असताना मीही पुष्कळांचे फोन उचलले नाहीत. तारिक उद्या कामाला साताऱ्याला येतोय, त्याच्या हाती पत्र देतोय. तुझी सून सुमैरा वाचून दाखवेल, कारण माझं अक्षर दिसलं की तुझा चष्मा हरवतो. (सुमैरा बेटी, हा कंस मोठ्यानं वाचू नको. आणि कंस नेहमीच गाळत जा, मी सांगेन तेव्हाच वाच.)

तर झालं असं. मागच्या महिन्यात मतीन घरी आला. मतीन म्हणजे जमातीच्या कमिटीचा सेक्रेटरी, आपल्या दस्तगीर चाचांचा नातू. हो, तेच दस्तगीर चाचा, ज्यांनी सामाईक नळाला रात्रीतून कुलूप घातलं आणि ज्यांच्याशी अम्मा मरेपर्यंत बोलली नाही. (न बोलण्याचा गुण आपल्या घरात कुठून आला, हे मला ठाऊक आहे.) मतीन म्हणाला, "चाचा, कबरस्तानाला नवं कंपाउंड मंजूर झालंय. त्याआधी सगळ्या कबरींची नोंद करायची. दगडावर काय लिहिलंय ते उतरवायचं, घराण्यांची माहिती घ्यायची, नकाशा काढायचा. तुमच्याशिवाय कोण करणार?" आपा, निवृत्त माणसाला एवढं वाक्य पुरतं. पाच वर्षं मला 'तुमच्याशिवाय कोण' असं फक्त गॅसची टाकी बदलताना म्हटलं गेलंय. मी कपाटातून टेप काढला, नवे बूट घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर झालो. आसिया म्हणाली, जिवंत माणसांत भांडणं लावून झाली, आता मेलेल्यांत लावायला निघाले. मी लक्ष दिलं नाही.

पहिलं संकट आकड्यांचं. प्रत्येक कबरीच्या उशाला लहान दगड ठेवून त्यावर गेरूनं क्रमांक टाकायला घेतले. तिसऱ्या दिवशी गावात बोभाटा, की कबरस्तान रस्त्यात जाणार, जैनूनं खुणा घातल्या. माझ्या घरापुढं चाळीस माणूस जमा! तीस वर्षं मी ज्यांच्या बांधावर खुणा घातल्या त्यातले निम्मे त्यात होते, त्यामुळे रागात जुनी थकबाकीही होती. चहा पाजून, शपथा खाऊन त्यांना वाटेला लावलं. मग दुसरं संकट सुरू झालं, ते घराण्यांच्या माहितीचं. मी एक फॉर्म छापला होता. मूळ गाव, धंदा, पूर्वज कधी आले. आपा, काय सांगू तुला, आपल्या गावात एकाचाही पूर्वज पिंजारी नव्हता, बागवान नव्हता, खाटीक नव्हता. सगळे आदिलशाहीत सरदार! बारा सरदार एका आळीत राहत होते आणि बाराजणांत मिळून एक गाढव होतं, असं इतिहासावरून दिसतं. (आपण मणियार, बांगड्या विकणारे, हे मी खरं लिहिलं. आसियानं दोन दिवस अबोला धरला.)

नक्षीचा तो मोठा दगड आठवतो का, दाराजवळचा? तीन घरांनी आपापल्या फॉर्मात तो आपल्याच सरदाराचा म्हणून लिहिला. शेवटी तिघांच्या समोर मी दगड घासला. वरचा कलमा वाचता आला, नावाची ओळ पुरती झिजलेली, आणि तळाशी मराठीत स्वच्छ अक्षरं निघाली : 'घडविणार म्हाकू पाथरवट'. तिघांनी ते आळीपाळीनं वाकून वाचलं. मग एकजण म्हणाला, आमच्याकडं म्हाकूचं घराणं नव्हतं, ते ह्यांच्याकडचं असेल.

असो. दोनशे चौदा कबरी झाल्या. नकाशा असा सुरेख उतरला की कमिटीनं मशिदीत लावला. विहिरीच्या बाजूच्या कोपऱ्यात एकही दगड, एकही उंचवटा नव्हता, तिथं मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'रिकामी जागा'. कमिटीनं ते वाचलं आणि ठरवलं, की तिथं जनाज्यासाठी शेड बांधायची. येत्या सोमवारी जेसीबी येतोय. हे वाक्य ध्यानात ठेव.

आता एकशे सतरावर येतो. एकशे सतरा म्हणजे अम्मा. कडुलिंबापासून विहिरीच्या दिशेनं साडेअकरा मीटर. अम्मा गेली तेव्हा दगड बसवायची ऐपत नव्हती, पण मी खात्यात नवा लागलेला, म्हणून दफन झाल्यावर टेपनं अंतर मोजून वहीत लिहिलं. ती वही अजून आहे. नंतर सहा वर्षं जतला बदली झाली, परत आलो, लिंब शोधला, टेप लावला, तर मातीचा उंचवटा बरोबर जागेवर! तेव्हापासून दोन्ही ईदला नमाज झाली की मी तिथं गुलाब आणि सब्जा ठेवतो, फातिहा वाचतो. बत्तीस वर्षांत एक ईद चुकली नाही. (खरं सांगायचं तर त्या दिवशी लिंब जरा बारकाच वाटला, छाटला असेल म्हटलं, आणि टेपवर साडेदहा भरले होते. एक मीटर मी समजून घेतला. शेतकऱ्याला मी एक वीतही समजून घेतली नव्हती. सुमैरा, तू वाचत नाहीयेस ना?)

तर सगळ्यात शेवटी मतीनचा फॉर्म आला. त्यात लिहिलेलं : 'आमचे आजोबा दस्तगीर हे पोचलेले बुजुर्ग होते. आम्ही घरचे सगळे ईदला सांगलीला नातेवाइकांकडे असतो आणि बासी ईदला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, कबरीवर जातो. तेव्हा तिथं आधीच ताजी फुलं असतात. कोण ठेवतं, कुणालाच माहीत नाही. गेली तीस-बत्तीस वर्षं ही करामत चालू आहे. कबर क्रमांक ११७.'

आपा, मी तो कागद चारदा वाचला. पाणी प्यालो, पुन्हा वाचला. मतीनला म्हणालो, आकडा चुकलाय तुझा. तो म्हणाला, चाचा, अब्बांनी मला हात धरून दाखवलीय. हिरवी चादर शिवायला टाकलीय, पुढच्या वर्षी छोटासा उरूस करायचा विचार आहे.

मी मानलं नाही. कशाला मानू? माझ्याकडं वही होती. दुसऱ्या दिवशी वही, टेप घेऊन तिथं उभा होतो, तर धुळा मेंढरं घेऊन आला. माणमधला धनगर, दर साल पिकं निघाली की ह्याच्या मेंढ्या आपल्या शिवारात बसतात. त्याच्या बापाची बसायची, आज्याची बसायची. दुपारी विहिरीवर पाणी पाजायला आणतो. मी त्याला सहज म्हणालो, हा लिंब किती जुना असेल रे? तर तो काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "ह्यो? ह्यो लय झालं तर पस्तीस सालाचा. जुना लिंब वादळात पडला की वो. तुमी जतला हुतासा तवा. ह्यो मागनं जमातीनं लावला, जुन्यापास्नं लांब. माज्या बानं रोपाला काटंकुपाटी केल्ती, मेंढरं खात्यात म्हून."

मी म्हणालो, जुना कुठं होता? त्यानं काठीनं विहिरीकडच्या अंगाला अर्धं रान दाखवलं. "त्या तकडं कुटंतरी. मी ल्हान हुतो. नेमकं न्हाई सांगायचा." मग माझं तोंड बघून म्हणाला, "आवं भाई, पर मोजणीवालं झाडावर इस्वास ठेवत्यात व्हय?"

आपा, नाही ठेवत. खात्याचा पहिला धडा तो. झाड कधी कायम खूण धरायचं नाही. झाड वाळतं, पडतं, चोरीला जातं. विहीर धर, देवळाचा पाया धर, हद्दीचा दगड धर. हे मी चाळीस पोरांना शिकवलं, त्यातल्या तिघांना ह्याच चुकीसाठी सगळ्यांदेखत झापलं. आणि स्वतःच्या आईला मी झाडाच्या भरवशावर ठेवून जतला गेलो. दस्तगीर चाचाही मी जतला असतानाच गेले होते; बत्तीस वर्षं मी त्यांच्यासाठी अल्लाहकडं माफी मागत होतो. तोंडानं अम्माचं नाव घ्यायचो, फुलं त्यांना पोचायची. नळाला कुलूप घालणारा माणूस वली झाला आणि त्याला वली मी केला. आणि अम्माच्या वाट्याला बत्तीस वर्षांत एक पाकळी नाही. हसू येतं का तुला? मलाही दिवसा येतं.

जुन्या लिंबाचं खोड कधीच सरपणात गेलं. त्याची जागा नेमकी माहीत नसेल तर माझे साडेअकरा मीटर कुठून धरायचे? काल दिवसभर त्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसून हातानं माती चाचपली. जिथं मी 'रिकामी जागा' लिहिलंय, तिथंच. मतीनला एवढंच म्हणालो, की नकाशात चूक आहे, जेसीबी थांबव. तो म्हणाला, चाचा, तुमच्या नकाशात चूक? शक्यच नाही. मशीन एका दिवसाच्या बोलीवर मिळालंय, थांबवायचं तर पक्की जागा दाखवा. माझ्या कामावर एवढा विश्वास आयुष्यात कुणी ठेवला नव्हता, तो नेमका आत्ता ठेवला.

बाकी सगळं ठीक. दूल्हेभाईंना सलाम, मुलांना दुआ. औषधं वेळेवर घे.

तुझा धाकटा भाऊ,
जैनुद्दीन

ता. क. येताना कंदी पेढे आणू नकोस, आसियाला साखर निघाली आहे. (येताना म्हणजे काय, ते खाली पाहा.)

ता. क. २. अकरा वर्षांपूर्वी तारिकच्या लग्नात जे झालं त्याबद्दल मी वर एक अक्षर लिहिलं नाही, हे तू पाहिलंच असशील. जेवणाच्या पंगतीत तू म्हणालीस, "जैनू, कबरस्तानाच्या भिंतीतल्या भगदाडातून सकाळी बघितलं मी, तू दुसऱ्याच कुणाला फुलं घालून आलास. अम्मा विहिरीच्या अंगाला आहे." आणि मी चारचौघांत म्हणालो, की मी सरकारी मोजणीदार आहे, कबरस्तानात पाय न ठेवलेल्या बाईनं मला हद्द दाखवू नये. तू जर्द्याच्या, गोड भाताच्या, ताटाला हात न लावता उठलीस. ते ताट आसियानं झाकून ठेवलं होतं, संध्याकाळपर्यंत.

ता. क. ३. अम्माला नेलं त्या दिवशी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं बायका घरी थांबल्या. तू थांबली नाहीस. भिंतीच्या त्या भगदाडाशी उभी राहून तू शेवटच्या मुठीपर्यंत सगळं पाहिलंस. त्याबद्दल अब्बांनी तुला मारलं, हेही मला आठवतं. ते भगदाड अजून आहे. आज सकाळी मी तिथं तुझ्या उंचीइतका वाकून उभा राहिलो. मला काही दिसलं नाही. मातीला आलेले बाकीचे गेले, मी झाडावर विसंबलो; आता ती जागा माहीत असलेलं एकच माणूस उरलंय. सोमवारी जेसीबी आधी ती भिंत भगदाडासकट पाडणार आणि मग कोपरा सपाट करणार. रविवारी तारिक गाडी घेऊन तुझ्या दारात उभा राहील. मतीन म्हणाला, बाईमाणूस आत कसं येईल? मी सांगितलं, आत यायची गरज नाही, ती बाहेरूनच पाहते आणि तिला आतल्यांपेक्षा जास्त दिसतं.

ता. क. ४. दस्तगीर चाचांचं मतीनला अजून सांगितलेलं नाही. तू म्हणशील तसं करू. फुलं बंद केली तर वली रुसला म्हणतील, चालू ठेवली तर अम्मा मला सोडायची नाही.

ता. क. ५. लांबचा चष्मा घेऊन ये. टेपचं एक टोक मी धरीन, तू बाहेरून हातानं दाखव. थांब म्हणालीस की थांबेन. वहीतला आकडा मी खोडलाय. (सुमैरा बेटी, आता हा कंस मोठ्यानं वाच, आणि आपानं ऐकलं नाही असं दाखवलं तर पुन्हा वाच : आपा, तुझं बरोबर होतं.)