दोन मिश्या, पाच पिठली

सोमवार, १० डिसेंबर १९५६

सगळ्यांत आधी आली शेजारची सुलोचनाबाई. हातात पिठलं-भाताचा डबा, तोंडाला पदर. मागोमाग कुसुमताई. तिच्याही डब्यात पिठलंच! म्हटलं, अगबाई, आज आमच्या सगळ्या लष्कर भागानं एकच बेत केला की काय? कुणी हसेना. "धीर धरा काकू." धरला. कुसुमताईचं पिठलं जास्त फर्मास, हिंग बरोब्बर.

मूळ लिहायचं राहिलंच — माझा नातू मधु काल मुंबईहून आला! सहा वर्षांनी! सिनेमात असतो. आतापर्यंत पोस्टमन झाला, दोनदा प्रेत झाला, एकदा हिरोइनचा मामा. मामाला शिंक होती, बोलणं नव्हतं. आता पुजाऱ्याचं काम मिळालंय, चांगली चार वाक्यं! शूटिंग इथेच, किल्ल्यावर. त्यासाठी आल्या आल्या पडाव मोहल्ल्यातल्या न्हाव्याकडून डोकं गुळगुळीत करून घेतलं. मिशीसुद्धा!

मंगळवार

आज आणखी तीन पिठली.

बुधवार

शिंदे की छावनीतले मानसिंगराव, मुलाचे जुने ओळखीचे, आले. अनवाणी. "क्या आदमी था अपना कृष्णराव!" म्हणून रडायलाच लागले.

था? माझा मुलगा, मधूचा बाप? तो तर भोपाळला! इथली राजधानी तिकडे गेली तेव्हा त्याची कचेरीच उचलून नेली, कपाटांसकट. तो नि सून वनमाला तिथे आहेत. कालच कार्ड आलं, तिकडे बेसन जाडंभरडं मिळतं म्हणून.

"गेल्याचं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"मधूचं डोकं बघितलं ना, काकू!"

तेव्हा उजेड पडला. बाप गेल्याशिवाय मिशी कोण उतरवतो! सगळ्या गल्लीनं माझ्या कृष्णरावाला मारून टाकलं, नि मी त्याच्या सुतकाचं पिठलं चाटूनपुसून खाल्लं! इतकी हसले, इतकी हसले — मानसिंगराव म्हणाले, "सदमा लागला." मग कार्ड दाखवलं. ते त्यांनी दोनदा वाचलं. मग हळूच, "मैं तो सुबह वनमालावहिनींना तार करून आलो."

"काय लिहिलंत?"

"फार वाईट झालं. मधूनं क्षौर केलं."

आता मात्र पंचाईत. मधु सिनेमात गेल्यापासून कृष्णराव त्याच्याशी बोललेला नाही. "भांड झाला, नकल्या" म्हणतो. त्यात बाप जिवंत असताना मिशी काढलेली कळणार! या जन्मी तोंड बघायचा नाही. मधु जेवलाच नाही. "आजी, सोडून देतो सिनेमा." म्हटलं, आधी ती चार वाक्यं तर म्हण!

शुक्रवार, १४

सकाळी दारात तांगा. त्यात एक गुळगुळीत डोकं. मी ओळखलंच नाही — कृष्णराव! बिनमिशीचा! मी पापड वाळत घालत होते. मला बघून उंबऱ्यावरच बसला.

"आई, तू आहेस?"

आहे तर! तार वाचून त्याला वाटलं मीच गेले, नि मधूनं अग्नी दिला. भोपाळ स्टेशनाबाहेरच मिशी उतरवली. तीस वर्षं तूप लावून वाढवलेली! माझ्यासाठी! मागून उतरलेल्या वनमालेचे डोळेही रडून सुजलेले. तेही माझ्यासाठी! सुनेकडून एवढी आशा नव्हती.

मधु बाहेर आला. दोन टकलं समोरासमोर. मी पापड धरून उभी. कृष्णरावानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, डोक्यामागून हात फिरवला. म्हणाला, "कानामागे राहिलंय तुझं."

सहा वर्षांनी बोलला!

शनिवार

सिनेमावाले मधूला न्यायला आले नि कृष्णरावालाच बघत राहिले. "बड़े पुजारीजी तो ये रहे!" कृष्णराव खेकसला, "मी सरकारी नोकर आहे!" "सोच लीजिए साहब, गुरुवार को फिर आएँगे." मानसिंगराव बसलेच होते, "करून टाका, साहेब!" म्हणाले.

मंगळवार, १८

कृष्णरावानं आज स्वतः न्हावी बोलावला. म्हणे, खुंट दिसता कामा नयेत. माझ्या सुतकाची तेरा दिवसांची रजा त्यानं रद्दच केलेली नाही! माडीवर मधु त्याला वाक्यं घोकवतोय. सात आहेत. गुरुवारी यायचीत ती माणसं.